अर्ज क्रमांक सतराचा खुलासा

तीर्थस्वरूप अक्का यांच्या सेवेशी,

आपल्या धाकट्या बहिणीच्या यजमानाचा दोन्ही हात जोडून नमस्कार पोचावा. आपला गुडघा, आपला रक्तदाब आणि आपल्या गच्चीवरील पाण्याची टाकी (जिच्या गळतीविषयी आपण मागील पत्रात दीड पान लिहिले होते) या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. प्रकृती उत्तम. जेवण दोन्ही वेळा, ठरल्या वेळी. झोप सात तास. कपडे इस्त्रीचे. माझ्याविषयी काळजी करण्यासारखे काहीही नाही, सबब ती करू नये.

बुधवारी आपले पोस्टकार्ड मिळाले. पत्ता वगळल्यास त्यावर एकच वाक्य आहे: "तुम्ही शाळेत देवाचं ऑफिस उघडलंय म्हणे, हे काय ऐकते आहे मी?" आपल्या शेजारणीची भाची त्याच शाळेत शिकवते, त्यामुळे बातमीचा उगम शोधण्याचे श्रम मला पडले नाहीत. आपण खुलासा मागितला आहे आणि तो देणे माझे कर्तव्य आहे. उत्तराला शनिवार उजाडला, कारण गुरुवारपर्यंत प्रकरण प्रलंबित होते आणि प्रलंबित प्रकरणावर भाष्य करण्याची मला सवय नाही. (आपण गेली एकतीस वर्षे मला पाठीमागे 'आवक-जावक' म्हणता, हे मला ठाऊक आहे. कचेरीच्या आवक विभागात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला ते नाव अपमानास्पद वाटत नाही. उलट काहीसे बढतीसारखे वाटते, कारण जावक विभाग माझ्याकडे कधीच नव्हता.)

प्रथम पार्श्वभूमी. आपली भगिनी त्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवीत असे आणि दर गुरुवारी अकरा ते पावणेबारा धर्मशिक्षणाचा तास घेत असे, हे आपण जाणताच. त्या सोमवारनंतर (कोणता सोमवार, हे लिहिण्याची आवश्यकता नाही, रुग्णालयाच्या व्हरांड्यात आपण माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता) तिचे विषय इतर शिक्षिकांनी वाटून घेतले. गणित लगेच गेले. भाषा गेली. चित्रकलेवरून तर दोघींत धुसफूस झाली. धर्मशिक्षण मात्र कोणी उचलेना. त्या वर्गात एकतीस मुले आणि पाच धर्म आहेत, आणि कशालाच न मानणारी घरे वेगळी धरली तर सहा. एकाविषयी दोन वाक्ये जास्त बोलली गेली, तर दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचांचे पालक फाटकापाशी उभे. अशा विषयाला कोण हात लावणार?

महिन्याभरापूर्वी मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. त्यांच्या हातात खोके होते: भगिनींची शाल, चष्म्याचे घर, पाठाच्या टिपणांची वही आणि पेन्सिली ठेवण्याचा तो कान तुटलेला कप. खोके टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "काका, दर गुरुवारी पाऊण तास. फक्त वर्षअखेरपर्यंत. मुलं आरडाओरडा करणार नाहीत एवढं बघा, बास." मी विनम्र नकाराचे पहिले वाक्य मनाशी जुळवीत होतो. तोच त्या उठू लागल्या. त्या गेल्या असत्या तर घरात मी आणि तो कप असे दोघेच उरलो असतो. मी होकार दिला.

निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि पुढील सर्व अनर्थ या दोन गोष्टींत आहे. पहिली: मुलांना 'बाई रजेवर आहेत' असे सांगण्यात आले आहे. पालकांच्या सभेत तसे ठरले. मुले लहान आहेत, परीक्षा जवळ आहे, नंतर बघू. दुसरी: हजेरीपटावरही भगिनींच्या नावापुढे रोज 'रजा' असेच लिहिले जाते, कारण त्यापेक्षा वेगळे काही लिहायला नगरपालिकेचा दाखला लागतो आणि तो मी अद्याप दिलेला नाही. "तुम्ही कागद दिल्याशिवाय मी काय लिहू, काका?" मी तो शोधत आहे असे सांगितले. नंतर त्यांनी आणखी तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी शोधतच होतो.

पहिल्या तासाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो थोडक्यातच संपला. वर्गखोली व्हरांड्याच्या टोकाला, नळाच्या शेजारी आहे. खुर्ची एकच आणि ती तिसरीच्या मापाची. तिच्यावर बसलो तेव्हा माझे गुडघे माझ्याच छातीशी बोलू लागले. मी पुस्तकातील 'सर्व धर्मांची शिकवण' हा धडा स्पष्ट उच्चारांत वाचला. चौथ्या ओळीला एक मुलगा बाकाखाली गेला. सहाव्या ओळीला त्याला आणायला दुसरा गेला. पाने संपली तेव्हा बाकावर बसलेले बहुसंख्य नव्हते. घरी येऊन भगिनींची टिपणवही उघडली. पुढचा धडा सहावा, 'प्रार्थना'. त्याखाली तिच्या अक्षरात केवळ दोन शब्द: 'फक्त ऐकणे.' इतक्या त्रोटक टिपणावर चौतीस वर्षांत मी एकही फाईल पुढे सरकवलेली नव्हती. मी स्वतःची तयारी केली.

अक्का, पुढील भाग वाचताना आपण हसणार, हे गृहीत धरूनच लिहितो.

प्रार्थनेचा धडा चालू असताना पहिल्या रांगेत, दाराला लागून बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. (तिला वर्गात 'खोडरबर' म्हणतात. लिहिते त्यापेक्षा खोडते अधिक. तिच्या वहीची पाने उजेडाकडे धरली तर पलीकडचे दिसते.) तिने विचारले, "सर, इतके जण एकदम मागतात. मग कुणाचं काय ते वर कसं कळतं?" प्रश्न प्रशासकीय होता. इतक्या दिवसांत माझ्या अधिकारकक्षेतील हा पहिलाच प्रश्न, आणि माझा तोल गेला. मी फळ्याकडे वळलो आणि अर्जाचा नमुना लिहिला: प्रति, विषय, संदर्भ, मजकूर, अर्जदाराचे नाव, दिनांक. वर्ग इतका शांत झाला की बाहेरच्या नळाचे थेंब मोजता आले असते. 'प्रति'च्या पुढे काय, या प्रश्नावर मात्र मी सावध होतो. सांगितले की, आपापल्या घरी जो कोणी सक्षम अधिकारी मानला जात असेल त्याचे नाव घालावे. बहुतेकांनी आपापल्या देवांची घातली. कशालाच न मानणाऱ्या घरातील मुलाने 'ज्याच्याकडे हे खाते असेल त्यास' असे लिहिले, आणि तो मसुदा मला आजही निर्दोष वाटतो. तिघांनी 'प्रति, आई' लिहिले. ते मी बदलायला लावले नाही.

इथवर थांबलो असतो तर आपले पोस्टकार्ड आले नसते. परंतु निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेला आवक शिक्का आणि शाईची गादी माझ्या पिशवीत होती. (का होती, हे विचारू नये. ती नेहमीच असते.) मी एकतीस अर्जांवर शिक्का मारला, क्रमांक घातले, प्रत्येकाला चिटोऱ्यावर पोच दिली. त्या दिवसापासून माझे नाव 'शिक्काआजोबा' पडले. बेल झाली तरी कोणी उठेना. तेवढ्यात मागच्या बाकावरील 'वकील' (बसचालकाचा मुलगा, कोणताही मुद्दा सोडत नाही) उभा राहिला.

"सर, उत्तर कधी येणार?"

आणि मी, अक्का, सवयीने, काहीही विचार न करता, ते वाक्य बोललो जे चौतीस वर्षे खिडकीपलीकडच्या प्रत्येक माणसाला बोलत आलो होतो: "नियमाप्रमाणे पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर मिळेल."

एकतीस जणांनी ते वहीत लिहून घेतले.

घरी येऊन अर्ज वाचले. आपल्या माहितीसाठी गोषवारा देतो. बारा अर्ज पालकांच्या आवाक्यातले होते. नऊ हवामान, परीक्षा आणि खेळाचा तास यांविषयी. सहा सरळ फेटाळण्याजोगे. उदाहरणार्थ क्रमांक चार, 'लहान भाऊ जमा करून घेऊन कुत्रा मिळणेबाबत'. तीन संदिग्ध. क्रमांक बावीसमध्ये आईवडिलांनी भांडण बंद करावे असे मागितलेले नाही. ते स्वयंपाकघरात करावे, झोपायच्या खोलीशेजारी करू नये, इतकीच विनंती आहे, आणि इतका माफक अर्ज मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही.

राहिला एक. क्रमांक सतरा. अर्जदार खोडरबर. विषय: 'बाईंची रजा रद्द करून त्यांना परत पाठविणेबाबत.' संदर्भ: 'बाई म्हणाल्या होत्या आठ दिवसांत येते.' मजकूर दोन ओळींचा, तीनदा खोडलेला. खाली तारीख बिनचूक.

तो मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी वर आला. (मीच काढला असणार, घरात दुसरे कोणी नाही.)

पुढच्या गुरुवारी, म्हणजे आठव्या दिवशी, वर्गात शिरताच विचारणा झाली. मी 'अर्ज विचाराधीन आहेत' असे सांगितले आणि त्याचा अर्थही समजावला. याचा परिणाम असा की, त्या संध्याकाळपासून गावातील एकतीस घरांत दूध पिणे, दप्तर भरणे आणि अंघोळीला जाणे हे विषय विचाराधीन राहिले. एका आईने दुसऱ्याच सकाळी मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार केली. बसचालक तर घरीच आले. वकिलाचा अर्ज 'बाबांना दिवसाची पाळी मिळणेबाबत' असा होता. ते दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर, पोरगं कॅलेंडरवर खुणा करतंय हो. मी आगारात साहेबांचे पाय धरून पाळी बदलून घेतली शेवटी. आता वरून उत्तर आलं असं तुम्ही लिहून द्या, म्हणजे मिटलं." मी सांगितले की दुसऱ्या कार्यालयाने केलेल्या कामाचे श्रेय मूळ कार्यालयाला देता येणार नाही. त्यावर ते म्हणाले, "तुमच्या बाई कशा राहिल्या हो तुमच्याबरोबर?" मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांचा प्रश्न रास्त होता.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी बोलावले. त्यांच्या टेबलावर तक्रार होती, हजेरीपट होता आणि तपासणी अधिकाऱ्यांच्या भेटीचे पत्र होते. तपासणी येत्या गुरुवारी, तिसरीचा वर्ग, अकराचा तास. म्हणजे नेमका पंधरावा दिवस. मी अर्ज क्रमांक सतरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काका, हे तेवढं टाळा. बाकीच्यांना काय द्यायची ती उत्तरं द्या. पण तो विषय मुलांपुढे नको, त्यातून इन्स्पेक्शनच्या दिवशी तर नकोच."

"मी लेखी उत्तराचा शब्द दिला आहे."

"मग लिहा, रजा वाढली म्हणून."

"ते खोटे होईल."

"पटावर काय आहे मग?" त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांनाच वाईट वाटले असावे, कारण त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. पटावरचे ते खोटे त्यांच्या अक्षरातले होते, पण माझ्यामुळे होते. मी चहा घेतला नाही.

पुढील सहा दिवस कसे गेले ते सविस्तर लिहीत नाही. तीस उत्तरे रविवारपर्यंत तयार झाली. एकही खोटे नाही: जे पालकांनी केले ते 'आपल्या पालकांनी केले आहे', जे होणार नाही ते 'होणार नाही, कारण', आणि जे मला ठाऊक नाही तेथे 'हे मला ठाऊक नाही' (हे वाक्य मी सरकारी कागदावर प्रथमच लिहिले). राहिलेल्या क्रमांक सतराचे तीन मसुदे केले. पहिला, 'आपला अर्ज अद्याप विचाराधीन आहे.' दुसरा, 'आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला आहे.' तिसरा, 'आपली विनंती मान्य करता येत नाही.' तिन्ही नियमात बसत होते. कोणत्याही एकाखाली मला सही करता येईना. बुधवारी आपले पोस्टकार्ड आले, तेही त्याच गठ्ठ्यात जाऊन पडले.

गुरुवारी पावणेअकराला शाळेत पोचलो. तपासणी अधिकारी आधीच मागच्या बाकावर बसले होते. तिसरीच्या मापाचे बाक असल्याने त्यांचेही गुडघे वर आले होते, आणि त्यामुळे मला किंचित धीर आला. मुख्याध्यापिका दारात उभ्या. मुले कधी नव्हे ती ताठ. मी पाकिटांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि क्रमाने नावे पुकारू लागलो. एक. दोन. तीन. चौथ्या पाकिटाचे उत्तर वाचून अर्जदाराने लहान भाऊ जमा करून घेण्याचे कार्यालय दुसरीकडे कुठे आहे का, असे विचारले. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतले. अकरा क्रमांकाला वकिलाने पाकीट फोडून मोठ्याने वाचले, "आपल्या वडिलांनी स्वतः साहेबांना भेटून पाळी बदलून घेतली आहे," आणि खाली बसून तो ते पुन्हा मनात वाचू लागला. चौदा. पंधरा. सोळा.

मी अठरा पुकारले.

अठरा क्रमांकाचा मुलगा उठलाच नाही. सगळे दाराजवळच्या बाकाकडे पाहू लागले. वकील उभा राहिला. "सर, सतरा राहिला."

दारातून मुख्याध्यापिकांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.  खोडरबरने पोचपावतीचा चिटोरा बाकावर ठेवला, शिक्का माझ्या बाजूला येईल असा. पंधरा दिवस तिने तो कंपासपेटीत घडी न घालता जपला होता. खिडकीपलीकडून असे चिटोरे मी हजारो वेळा पाहिले आहेत. त्यांना काय म्हणायचे ते मला चांगले पाठ आहे. तिन्ही मसुदे कोटाच्या खिशात होते. मी खिशात हात घातला आणि रिकामा बाहेर काढला.

मी म्हणालो, "बाई रजेवर नाहीत. बाई वारल्या."

अक्का, हे तीन अक्षरांचे क्रियापद तिच्या बाबतीत मी तोवर कोणापुढेही उच्चारले नव्हते. आपल्यापुढेही नाही. त्या सोमवारी डॉक्टरांनी सांगितले, आपल्याला ते ऐकू आले, मला बोलावे लागले नाही. नातेवाइकांना फोन आपण केलेत. चार महिन्यांनी मी ते प्रथम उच्चारले ते तिसरीच्या वर्गात, मागे तपासणी अधिकारी बसलेले असताना, हातात अठरा क्रमांकाचे पाकीट घेऊन.

कोणी रडेल असे मला वाटले होते. कोणी रडले नाही. खोडरबरने विचारले, "कधी?"

"चार महिन्यांपूर्वी. सोमवारी. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी."

तिने मनाशी हिशेब केला. मग तिचा आवाज चढला. "मग हे आधी नाही का सांगायचं? मी रोज दाराशी बसते! बाई आल्या की मला पहिल्यांदा दिसाव्यात म्हणून! इथं केवढं वारं येतं!"

 मी म्हणालो, "चूक झाली. शाळेची नाही, माझी." तिने मान हलवली, जणू दिलगिरीची नोंद घेतली. मग विचारले, "दिलेला अर्ज बदलता येतो का?" मी म्हणालो, दुरुस्तीस परवानगी आहे. मी तिचा मूळ अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने विषयाची ओळ खोडायला घेतली. इतकी खोडली की कागदाला भोक पडले. मग भोकाच्या शेजारी, उरलेल्या जागेत, लिहिले: 'बाईंना आता दुखत नसणेबाबत.' उठून माझ्याकडे आणून दिला. "शिक्का."

मी शिक्का मारला. तो उलटा उमटला. चौतीस वर्षांत प्रथमच.

वकिलाने पाठीमागून विचारले, "याला किती दिवस?"

"याला मुदत नाही," मी म्हणालो.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला तास म्हणावे की सभा, याविषयी माझा निर्णय झालेला नाही. "आमच्यात माणूस परत जन्माला येतो." "आमच्यात नाही येत, थेट वर जातो, हिशेब होतो." "आमच्यात पुरतात, मग सगळ्यांना एकदम उठवतात." "सगळ्यांना? गर्दी नाही होणार?" "आमच्या घरी काहीच नाही. संपला की संपला," कशालाच न मानणाऱ्या घरातील मुलगा म्हणाला, "पण बाबा रोज सकाळी आजोबांच्या फोटोला गुड मॉर्निंग म्हणतात." यावर एकाने विचारले, बाबांना मग उत्तर येते का. तो म्हणाला, नाही, तरी म्हणतात. कोणीतरी विचारले, बाईंच्या कपाचे काय झाले. मी सांगितले, माझ्याकडे आहे. वर्गाने ठराव केला की कप परत आणावा, त्यात पेन्सिली होत्या. मी एकही दुरुस्ती केली नाही, एकदाही फळ्याकडे वळलो नाही. पावणेबाराची बेल झाली तेव्हा लक्षात आले की पंचवीस मिनिटे मी काहीच शिकवले नव्हते. घरी येऊन टिपणवहीतील धडा सहावा पुन्हा पाहिला. तिचे टिपण पुरेसे होते.

(खोडरबरने जागा बदलली. आता ती खिडकीकडे, तिसऱ्या बाकावर बसते. उरलेली पाकिटे मी बेल झाल्यावर वाटली; अठरा क्रमांकाचा अर्जदार रागावलेला आहे. त्याची तक्रार नोंदवून घेतली आहे.)

तपासणी अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत शेरा लिहिला. तो मला वाचून दाखवण्यात आला: 'अध्यापनाची पद्धत मंजूर अभ्यासक्रमात कोठेही आढळत नाही. विद्यार्थी मात्र सर्व उपस्थित होते.' यांतील दुसरे वाक्य प्रशंसा आहे की मोजणी, हे मला कळले नाही. त्यांनी मला वर्षअखेरपर्यंत रीतसर नेमण्यास हरकत नसल्याचे तोंडी सांगितले. तथापि नेमणूक रिक्त पदावरच होते, आणि पद कागदोपत्री रिक्त नाही. पटावर भगिनी अद्याप रजेवर आहेत. महिनाअखेरपर्यंत दाखला आला नाही, तर दुसऱ्या शाळेतून शिक्षिका पाठवण्यात येईल.  मुख्याध्यापिकांनी हजेरीपट माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवले. एकशे तेरा वेळा 'रजा'. मी मोजले.

असा हा खुलासा आहे. देवाचे ऑफिस मी उघडलेले नाही; केवळ त्याच्या आवक विभागात पंधरा दिवस बदली कामगार म्हणून होतो. आपल्या शेजारणीच्या भाचीला योग्य ती दुरुस्ती कळवावी. टाकीची गळती बाहेरून बुजवू नये, आतून बुजवावी. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला आज्ञांकित,
आवक-जावक

ता. क. : आपण येथून परत गेलात त्या दिवशी मी आपल्या पिशवीत एक पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्यात भगिनींचे शिवणकामाचे सामान आहे, ते आपल्याकडेच असू द्यावे, असे सांगितले होते. त्यात शिवणकामाचे सामान नाही. (आपण तो उघडून पाहिला नसेल असे मी गृहीत धरतो. आपला स्वभाव पाहता हे गृहीतक धाडसाचे आहे.) त्यात नगरपालिकेचा दाखला आहे, मूळ प्रत. तो घरात असेपर्यंत मला तो देता आला नसता आणि फाडताही आला नसता, म्हणून आपल्याकडे पाठवला. मुख्याध्यापिकांना 'शोधतो आहे' असे मी चार वेळा सांगितले, ते चारही वेळा खोटे होते. तो दाखला मला आता हवा आहे. मूळ प्रत आणि साक्षांकित तीन प्रती.

ता. क. २ : टपाल खात्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही दाखला टपालाने पाठवू नये. आपण स्वतः घेऊन यावा ही विनंती, शक्य तर गुरुवारी, अकराच्या आधी. मुख्याध्यापिकांच्या टेबलापर्यंत तो एकट्याने नेणे मला जमेल असे वाटत नाही. मागचे बाक मोकळे असते. आपल्या गुडघ्यासाठी उशी मी आणीन. पंधरा दिवसांच्या आत यावे. सोळावा दिवस लागला तरी माझी हरकत असणार नाही. मुदत महिनाअखेरची आहे.

ता. क. ३ : पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र पुन्हा वाचून पाहिले. पहिल्या परिच्छेदातील 'इकडे सर्व क्षेम आहे' पासून 'सबब ती करू नये' पर्यंतचा भाग तपासणीत टिकत नाही. इस्त्री वगळता तो रद्द समजावा. बाकी मजकूर कायम.